‘सौरऊर्जेनं हवाईची वीज महाग केली’: काउआई बेटाचे आकडे वेगळं सांगतात

एकच मजकूर गेल्या महिन्याभरात मला तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर दिसला. त्याचा सारांश असा: हवाईनं सौरऊर्जेचा हट्ट धरला, म्हणून अमेरिकेतली सगळ्यात महाग वीज तिथं आहे. सूर्य मावळला की तिथंही तेलच जाळतात. सौर वाढलं की ग्रिड कोसळतं. पवनचक्क्या पक्षी मारतात. हे सगळं कंपन्यांनी लोकांच्या माथी मारलंय, आणि एवढ्याशा बेटानं जगाला काय फरक पडतो?

पाठवणारे तिघंही माझ्या ओळखीचे आहेत, आणि तिघांनाही वीजबिलाची खरी काळजी आहे. म्हणून उत्तर नीट द्यावंसं वाटलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हवाई हे एक बेट नाही, ती बेटांची रांग आहे, आणि प्रत्येक बेटाचं ग्रिड, म्हणजे वीजजाळं, स्वतंत्र आहे. एका बेटाची वीज दुसऱ्या बेटाला जात नाही. त्यामुळे ‘हवाईत असं झालं’ म्हणण्याआधी कुठल्या बेटावर, हे विचारायला हवं. सौर-बॅटरीच्या वाटेवर यातलं सगळ्यात पुढे गेलेलं बेट म्हणजे काउआई. वस्ती साधारण ७३ हजार, क्षेत्रफळ सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या पावपटीहून थोडं जास्त. मजकुरातला प्रत्येक दावा मी याच बेटावर तपासणार आहे.

पहिला दावा दराचा. हवाईतली घरगुती वीज अमेरिकेच्या सरासरीच्या साधारण अडीच पट महाग आहे, हे खरं. पण कारण उलटं सांगितलंय. २००८ साली तिथं सौरवीज जवळजवळ नव्हतीच, तरी दर सरासरीच्या जवळपास तिप्पट होता. अमेरिकेत इतरत्र कोळसा, नैसर्गिक वायू, अणुऊर्जा आणि मोठी धरणं वीज देतात. हवाईत अनेक दशकं मुख्यतः जहाजानं आणलेलं खनिज तेल जळत आलंय. तेल हे वीज बनवण्याच्या सगळ्यात महागड्या इंधनांपैकी एक आहे, आणि त्याचा भाव बेटावर ठरत नाही. आपल्या बिलावर ‘इंधन समायोजन आकार’ अशी ओळ असते ना, तशीच सोय तिथंही आहे: तेल चढलं की बिल चढतं.

आता सौरचे भाव पाहा. काउआईवर २०१७ साली कपाया इथं १३ मेगावॉटचा सौरप्रकल्प ५२ मेगावॉट-तास बॅटरीसह सुरू झाला. त्याच्या विजेचा करार युनिटला १३.९ सेंट दरानं झाला. पुढच्या वर्षीच्या लावाई प्रकल्पाचा करार ११ सेंटांवर झाला, आणि त्यात १०० मेगावॉट-तासांची बॅटरी आली. हे करार वर्षानुवर्षांसाठी बांधलेले आहेत, तेलाच्या भावाबरोबर हलत नाहीत. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर २०२२ मध्ये तेल भडकलं तेव्हा याचा अर्थ ग्राहकांना कळला. मोठ्या, गजबजलेल्या ओआहू बेटाची वीज तोवर काउआईपेक्षा स्वस्त असायची. त्या वर्षी ओआहूची बिलं इतकी चढली की काउआईचा दर ओआहूच्या दराखाली आला. ज्या बेटानं सौर जास्त घेतलं, त्यालाच झळ कमी बसली.

काउआईची वीज आता स्वस्त झाली असं मी म्हणत नाही. ती अजूनही महागच आहे. तारा, खांब, राखीव यंत्रं हा खर्च थोड्या ग्राहकांवर वाटला जातो. पण तो भुर्दंड सौरचा नाही.

‘सूर्य मावळला की तेलच’ हे वाक्य मजकुरातलं सगळ्यात लोकप्रिय, आणि ते अर्धं खरं आहे. हिशेब असा. कपायाची बॅटरी १३ मेगावॉटनं चार तास वीज देते. लावाईची २० मेगावॉटनं पाच तास. बेटाच्या पश्चिमेकडे नौदलाच्या तळावर २०२० साली आलेला तिसरा प्रकल्प १४ मेगावॉटनं पाच तास. तिन्ही मिळून ४७ मेगावॉट. संध्याकाळी स्वयंपाक, दिवे, पाण्याचे हीटर एकदम चालू होतात तेव्हा या बेटाची मागणी पाऊणशे मेगावॉटच्या आसपास असते. म्हणजे सूर्य मावळल्यावर, सगळ्यात कठीण तासांत, मागणीचा मोठा भाग दुपारच्या उन्हावर भागू शकतो. २०१९ च्या अखेरीपासून दिवसा तर काही तास तेलाचा थेंब न जाळता संपूर्ण बेट चालवून झालंय.

उरते मध्यरात्र ते पहाट. तेव्हा बॅटऱ्या उतरलेल्या असतात. थोडी वीज जुन्या जलविद्युत केंद्रांतून आणि लाकूड जाळणाऱ्या एका प्रकल्पातून येते, बाकी तेलातून. ही उणीव आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. नवीकरणीय विजेचा वर्षाचा वाटा २०१० मध्ये दहा टक्क्यांच्या आसपास होता, २०१९ मध्ये ५६ झाला, २०२१ मध्ये ७० च्या जवळ पोचला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा ६० च्या आसपास उतरला. काउआईला वीज पुरवणाऱ्या सहकारी संस्थेनं २०३३ पर्यंत शंभर टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलंय; हवाई राज्याच्या २०१५ च्या कायद्यानं दिलेली मुदत २०४५ ची आहे. रात्रीची तूट भरून काढायला वायमेआ नदीच्या पाण्यावर पंप्ड स्टोरेजची योजना पुढे आली: दिवसा उन्हाच्या विजेनं पाणी वरच्या तलावात चढवायचं, रात्री खाली सोडून टर्बाइन फिरवायचं. पण त्या नदीचं पाणी ऊसमळ्यांसाठी शतकभर वळवलेलं होतं, साखर कारखाना बंद झाल्यावरही वळवणं थांबलं नव्हतं, आणि स्थानिकांना नदी नदीसारखी वाहायला हवी होती. २०१७ मध्ये मध्यस्थीनं करार झाला, तरी वाद मिटला नाही. मला त्या लोकांचं म्हणणं पटतं. कार्बन कमी करायचा म्हणून नदीवरचा हक्क आपोआप मिळत नाही. ज्यांना या योजनांवर टीका करायची आहे त्यांनी इथं करावी. इथं टीकेला आधार आहे.

ग्रिड कोसळण्याच्या दाव्यावर मात्र थोडं थांबावं लागेल, कारण हा मुद्दा मांडणाऱ्यांत अभियंतेही असतात आणि त्यांची शंका पोकळ नाही.

जड टर्बाइन फिरत असतं तेव्हा त्याचा वेगच ग्रिडला स्थिर ठेवतो. अचानक बिघाड झाला तर ते चाक लगेच थांबत नाही, आणि त्या काही सेकंदांत बाकीची यंत्रं सावरून घेतात. सौरपॅनेलला फिरणारं चाक नाही. शिवाय पॅनेलची किंवा बॅटरीची वीज ग्रिडजोगी करणारं उपकरण, म्हणजे इन्व्हर्टर, साधा असेल तर ग्रिडचा ठेका ऐकूनच वीज सोडतो. आपल्याकडे ज्यांनी छतावर सोलर बसवलंय त्यांना हे माहीत आहे: भर दुपारी लाइट गेली तर पॅनेलवर लख्ख ऊन असूनही घरातला पंखा बंद पडतो. भजनात सगळे टाळकरी पखवाजाच्या ठेक्यावर टाळ धरतात. पखवाजच थांबला तर काय करायचं, हा तो प्रश्न.

काउआईला हा प्रश्न प्रत्यक्षात पडला. नोव्हेंबर २०२१ मध्ये बेटाची मोठी भिस्त असलेलं तेलावरचं टर्बाइन अचानक बंद पडलं. बॅटऱ्यांनी क्षणात भार उचलला, पण त्यानंतर ग्रिडमध्ये सेकंदाला १८ ते २० वेळा असे हेलकावे सुरू झाले आणि साधारण मिनिटभर चालले. कारण शोधायला अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेचे अभियंते बसले. दोष इन्व्हर्टरांच्या नियंत्रणात सापडला: ते एकमेकांच्या प्रतिसादाला प्रतिसाद देत राहिले होते. मग काही प्रकल्पांतले इन्व्हर्टर ‘ग्रिड-फॉर्मिंग’ पद्धतीवर नेले. म्हणजे ते ठेका ऐकत बसत नाहीत, स्वतः ठेका धरतात. एप्रिल २०२३ मध्ये तेलाचं मोठं टर्बाइन पुन्हा बंद पडलं, त्या क्षणी बेटाची सुमारे साठ टक्के वीज त्यातून येत होती. हेलकावे उठले आणि लगेच विरले. ग्रिड उभं राहिलं.

साठ टक्के वीज एका झटक्यात जाणं म्हणजे काय, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. १२ ऑक्टोबर २०२० ला पारेषण वाहिन्यांतल्या बिघाडानं मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या, आणि अशाच वेळेसाठी राखलेली ‘आयलँडिंग’ व्यवस्थाही, म्हणजे शहराचं ग्रिड बाहेरच्या जाळ्यापासून तोडून स्वतंत्र चालवण्याची सोयही, शहराला वाचवू शकली नाही. त्या दिवशी मुंबईला आधार होता तो कोळसा, वायू आणि पाण्यावर फिरणाऱ्या जड यंत्रांचा. जड चाकं फिरत असली म्हणजे अंधार होत नाही, असं नाही.

आणखी एक तपशील मला फार आवडतो. कपायाच्या तेलावरच्या टर्बाइनला काउआईच्या अभियंत्यांनी क्लच बसवला. गरज नसेल तेव्हा टर्बाइन सोडवून फक्त जनित्र फिरतं ठेवता येतं. इंधन जळत नाही, पण फिरत्या चाकाचा आधार ग्रिडला मिळतो. जुनं यंत्र भंगारात न काढता त्याला नवं काम दिलं.

पक्ष्यांचं थोडक्यात. काउआईवर पवनचक्क्यांचा एकही प्रकल्प नाही, आणि त्याचं मोठं कारण पक्षीच आहेत. ‘आओ’ आणि ‘उआउ’ हे दुर्मिळ सागरी पक्षी रात्री समुद्रावरून डोंगरातल्या घरट्यांकडे परततात. त्यांचा खरा शत्रू विजेच्या तारा ठरल्या, आणि त्या तारा तेलाच्या काळातही होत्याच. संस्थेला कायद्यानं जाब विचारला गेला तेव्हा काही ठिकाणी सगळ्यात वरची तार काढली गेली आणि इतर तारांवर चमकणाऱ्या पट्ट्या बसवल्या गेल्या.

‘कंपन्यांनी लोकांच्या माथी मारलं’ हा दावा वाचून मला मनापासून वाईट वाटलं, कारण काउआईची गोष्ट नेमकी उलटी आहे. १९९२ च्या इनिकी चक्रीवादळानं बेटाचं वीजजाळं मोडून टाकलं होतं. दहा वर्षांनी, २००२ मध्ये, बेटावरच्या लोकांनी सहकारी संस्था काढून खाजगी मालकाकडून वीज कंपनी २१.५ कोटी डॉलरना विकत घेतली. काउआई आयलंड युटिलिटी को-ऑपरेटिव्ह तिचं नाव. ग्राहक हाच सभासद, नऊ संचालक सभासदांच्या मतांनी निवडले जातात. २०११ मध्ये जलविद्युतच्या परवान्यांवरून सभासदांचं संचालकांशी बिनसलं, त्यांनी सह्या गोळा केल्या आणि संपूर्ण बेटावर मतदान घ्यायला लावलं. कौल संचालकांच्या बाजूनं गेला, पण विचारावं लागलं.

सहकार ही आपली जमीन आहे. श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेनं आपल्या भागात अनेक वर्षं वीज वाटली. थकबाकीच्या वादात अडकून २०११ मध्ये तिचा परवाना गेला आणि काम महावितरणकडे आलं. त्यामुळे सहकार म्हटलं की सगळं आपोआप सुरळीत होतं, असं मी म्हणणार नाही. पण काउआईवर सौरचा निर्णय कुणी घेतला, या प्रश्नाचं उत्तर ‘बिल भरणाऱ्यांनी निवडलेल्या संचालकांनी’ असं आहे.

राहिला शेवटचा प्रश्न: एवढ्याशा बेटानं काय होतं? कार्बनच्या जागतिक बेरजेत काउआई दिसणारही नाही, हे मान्य. पण छोटं ग्रिड सोपं असतं हा गैरसमज आहे. महाराष्ट्रात एखादा संच बंद पडला तर छत्तीसगडहून, गुजरातहून वीज ओढता येते. काउआई आणि ओआहूमध्ये शंभराहून अधिक किलोमीटर रुंद, अतिशय खोल समुद्र आहे. तिथं शेजारी नाही. म्हणून तिथं जे टिकलं, ते इतरत्र टिकण्याची शक्यता जास्त. ओआहूवरचं १८० मेगावॉटचं कोळसा केंद्र १ सप्टेंबर २०२२ ला बंद झालं आणि पुढच्या वर्षी तिथं १८५ मेगावॉटची बॅटरी सुरू झाली.

आपलीही बेटं आहेत. घारापुरीला २०१८ मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून वीज पोचवता आली, कारण किनारा हाकेच्या अंतरावर होता. त्याआधी तिथं संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा. अंदमान आणि लक्षद्वीपला अशी केबल टाकणं सोपं नाही. पोर्ट ब्लेअरजवळ २०२० मध्ये २० मेगावॉट सौर आणि ८ मेगावॉट-तास बॅटरी आली. कवरत्तीत जानेवारी २०२४ मध्ये १.७ मेगावॉट सौर आणि १.४ मेगावॉट-तास बॅटरीचं लोकार्पण झालं. काउआईच्या एका प्रकल्पापुढे ही बॅटरी अगदी लहान आहे. पण लक्षद्वीपचं डिझेल मुख्य भूमीवरून जहाजानं येतं, आणि पावसाळ्यात समुद्र खवळायच्या आत त्याचा साठा करून ठेवावा लागतो. त्या बेटांवर ही बॅटरी किती मोठी करायची आणि तिच्यातले इन्व्हर्टर कुठल्या पद्धतीचे निवडायचे, हे ठरवणाऱ्यांना नोव्हेंबर २०२१ मधलं ते एक मिनिट आयतं अभ्यासायला मिळालं आहे.