सुरक्षा सप्ताह कसा साजरा करावा

4 मार्च, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा दिन, जवळ आला की आयटीआयच्या कपाटातून जुना फ्लेक्स बाहेर निघतो. साल तेवढं चिकटपट्टीनं झाकायचं, अर्धी सुरक्षा तिथंच झाली. हे काम ज्यांच्या गळ्यात पहिल्यांदाच पडलंय अशा निदेशक मंडळींसाठी, यंदा आमच्याकडं दणक्यात पार पडलेल्या कार्यक्रमाच्या अनुभवावरून चार गोष्टी सांगतो.

आधी पाहुणा ठरवा, विषय मागाहून सापडतो. पाहुणा कंपनीचा एचआरवाला असेल तर सोन्याहून पिवळं. नोकरीला पोरं उचलायलाही तोच येतो. ‘तुमची सुरक्षा तुमच्याच हातात आहे’ हे वाक्य त्याच्या भाषणात हमखास असतं. हात शाबूत असेपर्यंत खरंच आहे ते.

सत्काराला चाळीस मिनिटं धरा. उरलं तर मार्गदर्शन.

पोस्टर स्पर्धा ठेवाच, आणि नंबर पिवळ्या हेल्मेटला द्या. पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनमध्ये डोकं कोण घालतं, असं विचारू नका. वाळूजच्या कारखान्यांत जातात ती बोटं, पण बोट काढायला अवघड, हेल्मेट सोपं.

शपथ उजवा हात पुढं करून. फोटो त्याच वेळी.

आता मुख्य मुद्दा. ज्याला खरंच काही माहीत आहे त्याला माइकजवळ फिरकू देऊ नका. ही चूक माझ्या हातून होणार होती. माझाच फिटरचा विद्यार्थी, पैठणकडचा, दोन वर्षांपूर्वी पास झालेला. ठेकेदाराकडं हेल्परचं काम, बारावा दिवस, रात्रपाळी. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच डाय, म्हणजे वरचा साचा, खाली येते. म्हणजे हात आत राहूच शकत नाही. एवढं साधं डोकं आहे त्या मशीनला. पण नगांचा आकडा गाठायचा म्हणून एक बटण टेप लावून कायमचं दाबून ठेवलेलं. तर्जनीची दोन पेरं गेली, मधल्या बोटाचं एक. दवाखान्याच्या कागदावर ठेकेदारानं काय लिहून घेतलं? ‘गावी कडबाकुट्टीत हात गेला.’ ह्यांच्या घरी जनावर नाही, कडबाकुट्टी कुठली!

मी त्याला म्हणलं, बाळा, पोरांशी दहा मिनिटं बोल. तो म्हणला, “सर, दहा मिनिटं कशाला लागते, हात दाखवला की झालं ना.” इस्त्रीचा शर्ट घालून, वडिलांना घेऊन, एक खाडा करून आला. आणि मला ऑफिसात बोलावणं. मुलं घाबरतील म्हणे. शिवाय पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. प्लेसमेंटचं बघायचंय ना आपल्याला? पोरगं शेवटच्या रांगेत बसलं. चहा मिळाला. गुलाबाची फुलं मोजून आणलेली, त्याला पुरलं नाही.

घाबरतील! घाबरू द्या की! बाराव्या दिवशी घाबरण्यापेक्षा वर्गात घाबरलेलं काय वाईट? मायक्रोमीटर देऊन मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजायला शिकवतो आपण. त्याच बोटाचा भाव 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यानं लिहून ठेवला होता: तर्जनीचं एक पेर गेलं तर कमाईची ताकद 9 टक्के गेली, दोन पेरं 11, अख्खं बोट 14. हे कोणत्या तासाला शिकवलं? अठरा वर्षांखालच्या पोराला प्रेससारख्या मशीनवर उभं करायचं तर आधी धोका पूर्ण समजावून सांगा, आणि मग पुरेसं शिकवा नाहीतर जाणता माणूस शेजारी ठेवा, हे 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 23 मध्ये आलेलं होतं. मग काय, एकोणिसाव्या वर्षी बोटं लोखंडाची होतात?

बस झालं. मार्गदर्शन वगैरे काही नाही, सरळ सांगतो. फ्लेक्स गुंडाळा आणि पोरांना वर्कशॉपमध्ये घेऊन जा. कोणतं बटण कसं बांधून ठेवतात ते दाखवा. ड्रिलवर हातमोजा घालायचा नाही, मोज्यासकट हात गुंडाळला जातो, हे सांगा. तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत बंद करायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. त्याचं बोट कुणीतरी थेट बर्फात टाकून आणलं होतं, डॉक्टरांनी नुसती मान हलवली. ‘टेप काढल्याशिवाय मी प्रेसवर बसणार नाही’ हे वाक्य पोरांकडून शपथेसारखं मोठ्यानं म्हणून घ्या. असं बोलल्यावर त्याला गेटबाहेर काढतील, माहितीये. मग फोन कुणी करायचा? त्यानं? तुमच्याकडं आहे ना एचआरचा नंबर, सत्काराचं निमंत्रण द्यायला बरा सापडतो!

तो पाहुणा पुढच्या महिन्यात परत येतोय, चाळीस पोरं पाहिजेत त्याला. यादी हातात द्यायच्या आधी विचारा, साहेब, तुमच्या प्रेसची दोन्ही बटणं चालतात का? कार्यक्रमाच्या दिवशी तो माझ्यापासून हातभर अंतरावर होता, मी विचारलं नाही. मी त्याच्या गळ्यात हार घालत होतो.