गाडी २६ मिनिटं उभी का होती?

परवा व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला. नव्या रुग्णवाहिकांचं लोकार्पण. नारळ, हार, हिरवा झेंडा, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. फोटोत एकोणीस माणसं. (मोजली मी. दुपारी दवाखान्यात पेशंट नसतात.) त्यात ती गाडी चालवणारा एकही नाही आणि तिच्यात मागं बसणारा एकही नाही. पायलट (रुग्णवाहिकेच्या चालकाला आम्ही हेच म्हणतो) असेल तिथंच कुठंतरी, फोटोत येऊ नये म्हणून बाजूला सरकवलेला.

सात वर्षं मी रुग्णवाहिकेवर डॉक्टर होतो. कुठली सेवा, कुठला तालुका ते लिहीत नाही, कारण सोबतचे काही जण अजून त्याच नोकरीत आहेत. बालाघाटाच्या डोंगरातलं ठिकाण होतं, एवढं पुरे. आपल्या राज्यात १०८ सुरू झाली २०१४ साली, ९३७ गाड्यांनिशी. त्यातल्या २३३ व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या, बाकी ७०४ साध्या. इतर बऱ्याच राज्यांत मागं तंत्रज्ञ बसतो, आपल्याकडं डॉक्टर बसतो. तो डॉक्टर म्हणजे बहुतेक वेळा माझ्यासारखा बीएएमएस, नाहीतर बीएचएमएस, बीयूएमएस. एमबीबीएसवाले त्या बाकड्यावर फारसे दिसत नाहीत. हे टोमणा म्हणून लिहीत नाही. बरं, थोडा टोमणा आहे.

माझ्या पहिल्याच पावसाळ्यातली गोष्ट. रात्री अडीचला तांड्यावरून कॉल आला. चौदा-पंधरा वर्षांची पोर, पोटात दुखतंय, घशात काहीतरी अडकल्यासारखं होतंय. सूज नाही, जखम नाही, ताप नाही. मी नाडी बघितली, पोट दाबलं आणि अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन भरायला घेतलं. उपास असेल, शाळेचं काहीतरी असेल, असलंच मनात. आमचे पायलट, त्यांना सगळे मामा म्हणायचे, दारात बॅटरी धरून उभे होते. ते म्हणाले, "डॉक्टर, पोरगी झोपली कुठं व्हती, इचारा."

आई म्हणाली, खालीच, गोधडीवर.

"तिला म्हणावं वर बघ."

पोरीनं वर बघितलं. बुबुळं वर गेली, पापण्या तिथंच राहिल्या.

मण्यार. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दाताची खूण शोधून सापडत नाही, दुखत नाही, सुजत नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही आणि शेवटी छाती हलायची थांबते. हे सगळं मी शिकलो होतो. परीक्षेत लिहिलंही होतं. पण त्या झोपडीत माझ्या डोक्यात अ‍ॅसिडिटी होती आणि बॅटरी धरलेल्या दहावी नापास माणसाच्या डोक्यात मण्यार.

वाटेत एक आरोग्य केंद्र लागतं. मामांनी न विचारता गाडी तिथं वळवली. सिस्टर जागीच होती. सापाचं इंजेक्शन फ्रीजमध्ये होतं. ज्यांनी ते कधी बनवलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, आपल्याकडं ते बहुतेक पावडरच्या रूपात येतं. एकेका बाटलीत दहा मिली पाणी घालायचं आणि हलक्या हातानं गोल फिरवत राहायचं. घाई करून जोरात हलवलं तर फेस होतो. अशा दहा बाटल्या. सिस्टरनं चार घेतल्या, मी तीन, तीन मामांच्या हातात दिल्या आणि दटावलं, "हलवू नका, फिरवा." त्या खोलीत त्या वेळी साहेब कोण होतं, हे विचारायची गरजच नव्हती. सिस्टर होती. सलाईनमधून औषध सुरू झालं आणि आम्ही निघालो. घाट उतरताना पोरीचा श्वास उथळ झाला. पुढचे अठ्ठावीस किलोमीटर मी अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायचा फुगा, दाबत होतो. मण्यारीच्या विषानं नसा एकदा लुळ्या पाडल्या की इंजेक्शननं त्या लगेच उठत नाहीत. त्या उठेपर्यंत दुसऱ्या कुणीतरी श्वास द्यायचा, हाच उपचार. पोरगी सहा दिवस व्हेंटिलेटरवर राहिली आणि घरी गेली.

महिन्याच्या शेवटी आढावा बैठक. पडद्यावर जीपीएसचा नकाशा, त्यावर आमच्या गाडीचा लाल ठिपका. साहेबांनी विचारलं, "गाडी २६ मिनिटं उभी का होती?"

मी सांगायला लागलो. मण्यार, पापण्या, दहा बाटल्या. ते म्हणाले, "मेडिकलचं तुमचं तुम्ही बघा हो, मला स्टॉपेजचं सांगा." मग लेखी खुलासा. मामांनाही वेगळा खुलासा, कारण मार्ग न विचारता बदलला होता.

ह्या साहेबांना मी वाईट म्हणणार नाही. ते आधी मालवाहतुकीच्या गाड्या सांभाळायचे आणि गाडी सांभाळायची कशी हे त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. त्यांच्या काळात टायर वेळेवर मिळाले. डिझेलवाचून गाडी एकदाही उभी राहिली नाही, आणि डिझेल नसलेल्या रुग्णवाहिकेत कितीही हुशार डॉक्टर बसवा, उपयोग काय? अडचण अशी की गाडी चालतेय म्हणजे सेवा चालतेय असं त्यांना मनापासून वाटायचं. तक्त्यात पोचायला लागलेल्या वेळेचा रकाना होता. पोचल्यावर काय केलं ह्याचा नव्हता. ज्याला कामातलं कळत नाही तो जे मोजता येतं तेच मोजतो. मग खालची माणसंही तेच करायला लागतात. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका गाडीवरचा डॉक्टर मला म्हणाला, "मी आता मध्ये थांबतच नाही. सरळ नेतो. काय व्हायचं ते दवाखान्यात होऊ दे."

ह्या एका वाक्याचा मला आजही राग येतो. त्याच्यावर नाही.

इथपर्यंत वाचून डॉक्टर मंडळी खूश झाली असतील, की म्हणजे वर डॉक्टरच बसवायला पाहिजे. थांबा जरा.

एका जानेवारीत ऊसतोडीच्या टोळीची ट्रॉली उलटली. पहाटेचं धुकं, मागं रिफ्लेक्टर नाही, तेच ते. दोन गाड्या पोचल्या. एकीत मी, दुसरीत आमचे सीनियर. हाताला इतकी चांगली शीर सापडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ते उतरले आणि जी बाई सगळ्यात मोठ्यानं ओरडत होती तिच्याशेजारी बसले. मांडीचं हाड मोडलं होतं. त्यांनी ते इतकं सुबक बांधलं की पुस्तकात छापावं. तेवढ्या वेळात पलीकडं दोन माणसं गप्प पडली होती आणि त्यांच्याकडं कुणी गेलंच नव्हतं. जो ओरडतो त्याचा श्वास चालू असतो, गप्प असतो त्याच्याकडं आधी जायचं, हे सरांनीच मला शिकवलेलं. पण त्या सकाळी उभं राहून सगळ्यांकडं बघायचं सोडून ते एकीत गुंतले. मीही तेच केलं. मला एक पोरगा सापडला आणि मी त्याला धरून बसलो.

तिथं डोकं ठिकाणावर असलेला माणूस एकच होता, टोळीचा मुकादम. त्याचं स्वतःचं कपाळ फुटलं होतं. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून मोजत होता. "अकरा कोयते. बावीस मोठी, सात लेकरं." (ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, माहीत नसेल त्यांच्यासाठी.) पुन्हा मोजलं, लेकरं सहाच भरली. सातवं चुलीच्या सामानाखाली होतं, गोधडीत गुंडाळलेलं, झोपलेलं. खरंच झोपलेलं. खरचटलं सुद्धा नव्हतं. त्या मुकादमानं उचल (आगाऊ दिलेले पैसे) फिटेपर्यंत माणसांना कसं वागवलं असेल ते मला माहीत नाही, मला त्याचा देव करायचा नाही. पण कुणाला कुठल्या गाडीत घालायचं हे त्या सकाळी त्यानं ठरवलं आणि आम्ही दोन डॉक्टरांनी ऐकलं.

म्हणून मला जे म्हणायचंय ते डॉक्टर की मॅनेजर असं नाही. आपत्कालीन कामात त्या क्षणी ज्याला जास्त कळतं तो दर वेळी वेगळा असतो. कधी पायलट, कधी सिस्टर, कधी मुकादम. वरच्याला तो ओळखता आला पाहिजे आणि त्याच्यासाठी बाजूला होता आलं पाहिजे. आणि ओळखायचं असेल तर मागच्या बाकड्यावर बसल्याशिवाय इलाज नाही.

एक साहेब असे मिळालेही होते. वर्षभरच टिकले. वाणिज्य शाखेचे, रक्त बघून घाबरणारे. आल्या-आल्या म्हणाले, मी आज रात्री तुमच्यासोबत मागं बसतो. घाटात दोनदा ओकले. परत येताना एका वळणावर बाकड्यावरून घसरले आणि स्ट्रेचरवर आपटले. पंधरा दिवसांत आमच्या सगळ्या गाड्यांना मागं बसणाऱ्यासाठी पट्टा बसला. तो आम्ही तीन वर्षं अर्ज करून मागत होतो.

मराठवाड्याच्या माणसाला असं पेशंटजवळ बसून शिकणं नवीन नाही. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात होते. विंचू चावलेली माणसं फुफ्फुसात पाणी होऊन डोळ्यांदेखत जात होती. हा माणूस रात्र रात्र खाटेजवळ बसून नाडी, रक्तदाब, छाती टिपत राहिला आणि त्यातूनच रक्तदाबाचं प्राझोसिन विंचवाच्या विषावर चालतं हे जगापुढं आलं, 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून. पद्मश्री मिळाली २०२२ मध्ये.

तिकडं अमेरिकेतही थोडं असंच घडलं. पिट्सबर्गच्या एका गरीब वस्तीतल्या बेकार कृष्णवर्णीय तरुणांना शिकवून १९६७ मध्ये फ्रीडम हाउस नावाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. पीटर सफार ह्या डॉक्टरांनी त्यांना तयार केलं. पुढं नॅन्सी कॅरोलाइन ही डॉक्टर त्यांची प्रमुख झाली आणि ती त्यांच्यासोबत गाडीत फिरायची. तिनं लिहिलेला अभ्यासक्रम नंतर देशभर गेला. मात्र १९७५ मध्ये शहरानं स्वतःची सेवा काढली तेव्हा ह्याच अनुभवी पोरांना नवख्यांच्या हाताखाली घातलं, बाजूला सारलं. हे वाचताना मला आमची बैठक आठवली, खोटं कशाला बोलू.

आपल्याला पुढारीपण दिसतं ते कसलं? २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावल्याची बातमी आली, त्यात बारा नवजात बाळं. दुसऱ्या दिवशी खासदार आले आणि प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांच्याकडून संडास साफ करून घेतला. व्हिडिओ घराघरांत पोचला. संडास घाण होता, मान्य. पण बाळांच्या विभागात एका सिस्टरकडं किती बाळं असतात हा प्रश्न त्या व्हिडिओत नव्हता, आणि व्हिडिओ बघून टाळ्या वाजवणाऱ्यांत माझे शेजारीही होते.

इमर्जन्सी मेडिसिनला आपल्या देशात वेगळी शाखा म्हणून मान्यता मिळाली २००९ मध्ये. २०२१ च्या कायद्यानं पॅरामेडिकला, म्हणजे रुग्णवाहिकेवरच्या प्रशिक्षित तंत्रज्ञालाही, व्यावसायिक म्हणून यादीत घेतलं. कागद पुढं सरकतोय. मी मात्र नोकरी सोडली तेव्हा सात वर्षांचा अनुभव म्हणून मला एका ओळीचं पत्र मिळालं. 'समाधानकारक.' सात वर्षांत किती साप, किती बाळंतपणं, किती ट्रॉल्या, ह्याला पुढं कुठलीच पायरी नव्हती. वर चढायचं असेल तर गाडीतून उतरून टेबलामागं बसायचं, आणि टेबलामागं बसलं की वर्षभरात घाटातली वळणं विसरतात. मी टेबल घेतलं नाही, दवाखाना टाकला. पळून गेलो म्हणा.

ही पोस्ट टाकायच्या आधी मामांना फोनवर वाचून दाखवली. सगळी ऐकली. मग म्हणाले, "चांगलं लिव्हलंय. पर ते दहावी नापास काढा, नववी पास लिव्हा."

मी विचारलं, मामा, त्या रात्री तुम्हाला कळलं कसं? इतक्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं.

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी काळी-पिवळी चालवत व्हतो तवाची गोष्ट हाय. चुलत बहीण माझ्याच जीपमधी गेली. पोट दुखतंय म्हणायली, पापण्या मिटायल्या. आमाला वाटलं झोप यायलीय तिला. म्हनलं झोपू द्या."

मी काय बोलणार. तेच पुढं म्हणाले, "टाका पोस्ट. माझं नाव तेवढं नगा टाकू डॉक्टर, अजून दोन वर्सं नोकरी हाय."