तात्यांच्या फॉरवर्डला उत्तर

देवगडकडच्या आमच्या वाडीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मेसेज तीनदा आला. मजकूर साधारण असा: फोनबरोबर आलेल्या अ‍ॅपना वेगळं अपडेट लागत नाही, सिस्टिम अपडेटमधून सगळं मिळतं. सुटे अपडेट ही जुना फोन हळू करून नवा विकायची कंपन्यांची चाल. म्हणून 'अनइन्स्टॉल अपडेट्स' दाबा, जागा मोकळी होईल. आणि पुरावा म्हणून, २०२१ मध्ये अपडेटमुळेच सगळ्यांची अ‍ॅप बंद पडली होती ना?

आमच्या तात्यांनी तो वाचला आणि लगेच अंमलातही आणला. दुसऱ्या दिवशी रेंजसाठी सड्यावर चढून त्यांचा फोन: "अरे, बँक उघडणा नाय!"

पहिला मुद्दा आयफोनपुरता बराचसा खरा आहे. तिथे सफारी, मेल ही अ‍ॅप आयओएसच्या अपडेटबरोबरच येतात. पण आमच्या वाडीत आयफोन असलाच तर गणपतीला आलेल्या एखाद्या चाकरमान्याच्या खिशात. अँड्रॉइडवर गूगलने जीमेल २०१० मध्येच सिस्टिमपासून सोडवून दुकानात, म्हणजे आजच्या प्ले स्टोअरवर ठेवलं. क्रोम, मॅप्स यांचंही तसंच. तिथे सिस्टिम अपडेटची वाट बघत बसलात तर ही अ‍ॅप जुनीच राहतील.

'जुना फोन मारायची चाल' हा आरोप तर नेमका उलटा आहे. अँड्रॉइडचं सिस्टिम अपडेट गूगलकडून निघतं, चिप बनवणाऱ्याकडे जातं, मग फोन कंपनीकडे. ती आपल्या प्रत्येक मॉडेलवर तपासून सोडते, आणि स्वस्त फोनला पुष्कळदा दोनतीन वर्षांनी सोडतच नाही. आता वेबव्ह्यू नावाचा भाग बघा. बँकेच्या किंवा तिकिटाच्या अ‍ॅपमध्ये वेबपान दिसतं ते पुष्कळदा यानेच. अँड्रॉइड ४.४ पर्यंत तो सिस्टिममध्येच शिवलेला होता. त्यात सुरक्षेची भोकं सापडली, आणि ४.३ व त्याआधीच्या आवृत्त्यांसाठी आपण ती बुजवणार नाही हे गूगलचं धोरण २०१५ च्या जानेवारीत उघड झालं. ते फोन तसेच राहिले. २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून मात्र वेबव्ह्यू प्ले स्टोअरवरून बदलता येतो, फोन कंपनीने हात वर केले तरी. जाळ्याला भोक पडलं म्हणून कोणी होडी ओढून वर घेत नाही, जाळंच शिवतो. पुढे २०१९ मध्ये अँड्रॉइड १० पासून तर सिस्टिमचेच काही तुकडे असे सुटे केले. सेटिंगमध्ये 'गूगल प्ले सिस्टिम अपडेट' अशी वेगळी ओळ दिसते ती त्याचीच.

हे कायम पुरतं असंही नाही. क्रोमने २०२३ च्या अखेरीस अँड्रॉइड ७ ला रामराम ठोकला. पण तोवर त्या फोनांना बरीच जास्तीची वर्षं मिळालेली होती.

जागेचं म्हणाल तर ती मोकळी होते, खरं आहे. कारखान्यातली मूळ प्रत सिस्टिमच्या भागात असते, तिला हात लागत नाही. अपडेट तुमच्या साठवणीत वेगळं बसतं आणि तेवढंच निघतं. म्हणजे फोन घेतला त्या दिवशीचं अ‍ॅप, त्या दिवशीच्या भोकांसकट, परत येतं. तात्यांचा वेबव्ह्यू असाच काही वर्षं मागे गेला आणि बँकेचं अ‍ॅप पहिल्या पानावरच अडलं. शिवाय काढलेलं सगळं पुन्हा उतरवायचं, तेही एका काडीच्या नेटवर्कवर.

मूळ अ‍ॅप पूर्ण काढताच येत नाहीत ही तक्रार मात्र रास्त आहे. २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला, त्यातही आधीच भरून दिलेल्या अ‍ॅपांचा मुद्दा होता. मेसेज लिहिणाऱ्याने यावर चार ओळी खरडल्या असत्या तर मीच पुढे पाठवला असता.

राहिला २०२१ चा पुरावा. मार्चमध्ये वेबव्ह्यूतल्या एका बिघाडाने जीमेलसकट अनेक अ‍ॅप उघडताक्षणी बंद पडत होती, हे घडलं. सुट्या भागांचा हा धोका आहेच: चूकही तितक्याच वेगाने घरोघर पोचते. पण दुरुस्तीसुद्धा त्याच वाटेने, प्ले स्टोअरवरून, लगेच आली. तीच दुरुस्ती फोन कंपन्यांच्या रांगेतून यायची असती तर किती महिने, आणि किती फोनांना कधीच नाही, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

तात्यांचा फोन मी शेजारच्यांच्या वाय-फायवर बसून पूर्ववत केला आणि प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये 'फक्त वाय-फायवर अपडेट' करून ठेवला. संध्याकाळी त्यांनी तोच मेसेज ग्रुपवर पुन्हा टाकला. खाली फक्त स्वतःची एक ओळ जोडून: "वेबव्ह्यू सोडून."