म्हैसूरच्या झूवरून उसगाव तिस्कावर पेटलेला वाद

परवा संध्याकाळी आमच्या गोव्यातल्या उसगावच्या तिस्कावर, म्हणजे नाक्यावर, चहा-मिरचीभजी चालली होती आणि मास्तरांनी म्हैसूरच्या झूचा विषय काढला. मुलांची सहल घेऊन ते नुकतेच जाऊन आलेत. पिंजऱ्याबाहेर बोर्ड असतो म्हणाले, त्यावर प्राण्याचं नाव आणि त्याला दत्तक घेणाऱ्याचं नाव, वर्षभराच्या खाण्याचे पैसे त्या माणसाने भरलेले.

गॅरेजवाला बाबलो लगेच तापला. "पैसेवाल्यांची हौस रे ही! आमचं गोव्यातलं बोंडला झू वनखातं चालवतं, मग तिकडचं सरकार झोपलंय काय?"

मी म्हटलं, बाबलो, आधी ऐकून तरी घे. 1892 साली चामराजेंद्र वडियार महाराजांनी ते उभं केलं, तेव्हा खर्च राजवाड्याचा. राजे गेले, झू राहिलं, आणि 1979 मध्ये कर्नाटकने झूंसाठी वेगळं प्राधिकरण काढलं. तिथला मोठा आधार म्हणजे तिकिटाचे पैसे, म्हणजे रांगेत उभा राहणारा साधा माणूस. 2001 पासून दत्तक योजना सुरू झाली, हत्तीला लाखाच्या वर लागतात पण छोटा पक्षी काही हजारांत होतो, करात सवलत मिळते ती वेगळीच. आता सांग, पोराच्या वाढदिवसाला केक-हॉल करण्याऐवजी बापाने पक्षी दत्तक घेतला तर ती पैसेवाल्यांची हौस कशी?

"आणि कंपन्या?" बाबलो सोडतोय थोडाच. बरोबर आहे, गोरिलांचं घर इन्फोसिस फाउंडेशनच्या पैशांतून झालं, 2021 मध्ये जर्मनीहून थाबो आणि डेम्बा हे दोन गोरिला आले. मग काय वाईट झालं? बोर्डावर नाव लागू दे की, गोरिलाला चांगलं घर मिळालं ना!

मास्तरांनी खरा मुद्दा काढला तो लॉकडाऊनचा. 2020 च्या मार्चमध्ये गेट बंद, तिकीटविक्री शून्य, पण वाघाला मांस आणि हत्तीला चारा रोज लागतोच, त्यांना काय उद्या या म्हणून सांगता येतं? तेव्हा लोकांनीच पैसे पाठवले. मला हे फार मोठं वाटतं. सरकारी अनुदान फायलीत अडकू शकतं, पण लहानपणी जिराफ बघून आलेला माणूस, त्याला तो जिराफ आपला वाटतो, तो पैसे पाठवतो.

तेवढ्यात कॉलेजवाला पिंटू बोलला, "पण मुळात कोंडायचं कशाला? बंद करा सगळी झू." त्याचा राग खोटा नाही, अरुंद पिंजऱ्यात येरझारा घालणारा बिबट्या मलाही बघवत नाही. पण पिंजऱ्यातच जन्मलेला वाघ उद्या जंगलात सोडला तर शिकार कशी करणार? त्याला आयुष्यभर पोसायलाच हवं. आणि झूंसाठी केंद्र सरकारचं प्राधिकरण 1992 पासून आहे, त्यांच्या मान्यतेशिवाय झू चालवता येत नाही, जागा कमी पडली तर तिथे बोट दाखव, भांड, मी पण येतो तुझ्याबरोबर. बंद करा म्हणतोस, तर प्राणी कुठे जाणार ते आधी सांग. पिंटू गप्प बसला नाही, म्हणाला मग नवीन पैदास तरी थांबवा. यावर मास्तर आणि तो अर्धा तास भांडत होते.

बाबलोचं शेवटचं एकच, पैसे देईन पण हिशेब दिसला पाहिजे. हे मात्र शंभर टक्के मान्य. कर्नाटकचं प्राधिकरण वार्षिक अहवाल काढतं, मास्तर तो मोबाईलवर शोधून त्याला पाठवणार आहेत, आणि बोंडल्याचाही हिशेब मागायचा असं ठरलंय.