आधी हँडबिल, मग नाटक

अमेरिकेत, १८२० च्या दशकात, नाटक कंपनी काढायची म्हणता? उत्तम. मग नट शोधत वणवण करू नका, आणि नाटककाराच्या तर वाटेलाही जाऊ नका. सरळ छापखाना गाठा. नाटक पडलं तर उद्या दुसरं लावता येतं, तसंही तुम्हाला दर एक-दोन रात्रींनी खेळ बदलावाच लागणार आहे. हँडबिल पडलं तर मात्र गल्ल्यावर माश्या मारत बसाल.

कागद लांबलचक आणि अरुंद घ्या. छापखान्यात जेवढे टाइप असतील तेवढे सगळे एकाच पानावर वापरा, एकही उपाशी ठेवू नका. १८२७ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने यंत्रावर लाकडी टाइप कापायला सुरुवात केली आणि तुमची सोयच झाली. आता रस्त्यापलीकडूनही वाचता येतील एवढी अक्षरं मिळतात. त्यातली सर्वांत मोठी घोड्यांसाठी राखून ठेवा. शेक्सपिअरला उरेल तो टाइप द्या, तो तक्रार करायला येत नाही.

घोडे कशाला, असं विचारत असाल तर धंदा तुम्हाला कळलेला नाही. लंडनमध्ये १८२३ साली ‘गंगेचा धबधबा, अथवा राजकन्या’ हे नाटक आलं आणि पुढे न्यूयॉर्कलाही पोहोचलं. गोष्ट गुजरातच्या राजाची, नाव गंगेचं. रंगमंचावर खऱ्या पाण्याचा धबधबा, आणि शेवटी घोडा तो धबधबा चढून जातो! गंगा गुजरातेत कधी आली, असं विचारणारा प्रेक्षक पिटात, म्हणजे रंगमंचासमोरच्या स्वस्त जागांवर, बसत नाही. बसलाच, तर घोडा दिसेपर्यंत गप्प राहतो. तेव्हा भूगोलाची काळजी सोडा, पाण्याची गळती सांभाळा.

एका तिकिटात एकच नाटक देण्याचा कंजूषपणा तर करूच नका. पाच अंकी शोकांतिका, मध्ये विनोदी गाणं, एखादा नाच, दोरीवरची कसरत, आणि शेवटी फार्स. शोकांतिकेत माणसं फार मेली तर फार्स उचलत नाही, अशी शंका येईल. त्याचा बंदोबस्त इंग्रज कवी नेहम टेटने १६८१ मध्येच शेक्सपिअरचं ‘किंग लिअर’ बदलून करून ठेवलाय. त्याच्या ‘लिअर’मध्ये म्हातारा जगतो, राज्य परत मिळतं आणि कॉर्डेलियाचं लग्नही लागतं. तेच लावा. लोक प्रसन्न मनाने फार्सकडे वळतात.

‘शेवटचा प्रयोग’ हे शब्द जुळवून तयारच ठेवा, दर आठवड्याला लागतील. ‘खास लोकाग्रहास्तव’ हेही ठेवा; आग्रह कोणी केला ते छापायची पद्धत नाही. नट पगारावरून कुरकुरू लागले की त्यांना बेनिफिट नाइट द्या. त्या रात्रीचं उत्पन्न त्या एका नटाचं. खर्च आधी तुम्ही कापून घ्यायचा, आणि तिकिटं ओळखीपाळखीत खपवत हिंडायचं त्याने. शिवाय त्या रात्रीच्या हँडबिलावर उपकारकर्ते म्हणून तुम्हीच!

नाटककाराला कसं वागवावं हे एडविन फॉरेस्ट या नटाकडून शिका. अमेरिकेतला मूळ रहिवासी नायक असलेल्या शोकांतिकेसाठी त्याने ५०० डॉलरचं बक्षीस लावलं आणि जॉन ऑगस्टस स्टोनचं ‘मेटामोरा’ निवडलं. डिसेंबर १८२९ मध्ये ते रंगमंचावर आलं. फॉरेस्ट ते वर्षानुवर्षं करत श्रीमंत झाला, स्टोनने १८३४ मध्ये नदीत जीव दिला. गोऱ्यांना शाप देत मरणाऱ्या मेटामोरासाठी लोक टाळ्या वाजवत होते, आणि मे १८३० मध्ये त्याच लोकांच्या सरकारने मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे घालवण्याचा कायदा केला. प्रेक्षकांचे डोळे ओले आणि हात कोरडे राहावेत, एवढं साधलं की खेळ यशस्वी समजावा.

पाद्री ओरडतील. ओरडू द्या, त्यावरही हँडबिलातच उपाय आहे. १७६१ साली अमेरिकेतल्याच न्यूपोर्टला डेव्हिड डग्लसच्या नाटक कंपनीने ‘ऑथेल्लो’ लावलं ते ‘नैतिक संवाद’ म्हणून: मत्सरादी विकारांचे दुष्परिणाम, पाच भागांत. खेळ साडेदहाला संपेल, म्हणजे घरी जाऊन, पाहिलेल्यावर चिंतन करून मग झोपता येईल, अशी सोयही छापली होती. ऑथेल्लो बायकोला गळा दाबून मारतो, ते इतक्या सोज्वळपणे दुसऱ्या कोणी विकलं नसेल. तिसऱ्या मजल्यावरच्या बॉक्समध्ये बसणाऱ्या, गिऱ्हाईक शोधणाऱ्या बायकांचा मात्र हँडबिलात उल्लेख नको. त्यांचा पत्ता लोकांना ठाऊक असतो.

प्रेक्षकांना शिस्त लावायला जाऊ नका. लेखक वॉशिंग्टन आयर्व्हिंगने तरुणपणी, १८०२ च्या सुमारास, लिहून ठेवलंय: गॅलरीतून पिटातल्या डोक्यांवर सफरचंदं, दाणे आणि जिंजरब्रेडचा वर्षाव होई, वर झुंबरातलं मेण कपड्यांवर ठिबके. त्याला त्रास झाला, तुम्ही त्यातली कमाई पाहा. फळं विकणारा तुमच्याच दारात उभा असतो.

आता एक नाजूक गोष्ट. न्यूयॉर्कमध्ये १८२१ पासून विल्यम ब्राउन यांची कृष्णवर्णीयांची नाटक मंडळी शेक्सपिअरचं ‘रिचर्ड तिसरा’ करू लागली. गोऱ्यांसाठी त्यांनी मागे आडोसा घालून वेगळी जागा केली, का तर सभ्य स्त्री-पुरुषांच्या करमणुकीत कसं वागावं हे गोऱ्यांना कळत नाही! (गॅलरीतली सफरचंदं आठवा.) तुमच्या शेजारीच असा खेळ लागला, तर मोठ्या टाइपाचा काही उपयोग नाही. पोलीस बोलवावेत. जानेवारी १८२२ मध्ये नटांना धरून नेलं आणि पुन्हा शेक्सपिअर करणार नाही असं कबूल करवून सोडलं. त्या काळी अमेरिकेत सगळीकडे चालणारा ‘रिचर्ड’ हा मुळात कॉली सिबर या इंग्रज नट-नाटककाराने कापून, पदरच्या ओळी घालून जुळवलेला. म्हणजे काटेकोरपणे पाहिलं तर नटांनी शपथ मोडायचीही गरज नव्हती. पण हे कुठे बोलू नका, तुमच्या हँडबिलावर तो शेक्सपिअरचाच आहे.