मैदानाची किल्ली

भाऊबिजेला व्हिडिओ कॉलवर ओवाळून झालं आणि भाऊ म्हणाला, "ताई, पोरीला तुझ्याकडे ग्लासगोला पाठवली तर? इथे मुलींच्या फुटबॉलचं काही खरं नाही." भाची तेरा वर्षांची, नाशिकला सिडकोत राहते, शाळेच्या संघात लेफ्ट विंगला खेळते. मागून आईचा आवाज आला, "आधी दहावी होऊ दे." काकांचं म्हणणं, खेळायचंच तर क्रिकेट खेळ, आता तिथे मुलींनाही पैसा आहे. भाची कोपऱ्यात बसून लाडू खात होती. तिला कुणी काही विचारलं नाही. भावाला मी फोनवर नीट उत्तर देऊ शकले नाही, म्हणून हे लिहिते आहे.

पहिली गोष्ट, तिला असं पाठवता येतच नाही. अठरा वर्षांखालच्या खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात नेण्यावर फिफाची बंदी आहे, अपवाद मोजकेच. अठरा पूर्ण झाल्यावरही ब्रिटनमध्ये कामाचा व्हिसा हवा तर फुटबॉल संघटनेची शिफारस लागते आणि ती देताना बघतात, ही आपल्या देशाकडून किती सामने खेळली, तिच्या देशाची क्रमवारी काय. म्हणजे परदेशी क्लबाचा रस्ता भारताच्या संघातून जातो आणि भारताच्या संघाचा रस्ता कुठल्या तरी गावातल्या मैदानावरून. तेरा ते अठरा ही पाच वर्षं ती नाशिकमध्येच खेळणार आहे. ती कशी जातात त्यावर पुढचं सगळं ठरतं.

बालादेवीचंच बघा. मणिपूरची नगांगोम बालादेवी जानेवारी २०२० मध्ये आमच्या ग्लासगोच्या रेंजर्स क्लबात आली, दीड वर्षाचा करार, १० नंबरची जर्सी. युरोपातल्या क्लबाशी व्यावसायिक करार करणारी ती पहिली भारतीय बाई. त्या दिवशी ऑफिसात मी ओळखीच्या-अनोळखी प्रत्येकाला सांगत सुटले होते. मार्चमध्ये कोरोना आला, लीग थांबली. डिसेंबरमध्ये मदरवेलविरुद्ध तिने पहिला गोल केला तेव्हा स्टँड रिकामे होते, आम्हाला जाता आलं नाही. अभिमान मला आजही आहे. पण करार झाला तेव्हा ती तिशीला टेकली होती. भारताची कर्णधार राहिलेली, मणिपूर पोलिसात नोकरी करत खेळलेली. हेच दार तिला विसाव्या वर्षी उघडं असतं तर?

पंजाबच्या मुग्गोवालची मनीषा कल्याण तिच्यापेक्षा लवकर निघाली. २०२२ मध्ये, एकविशी पूर्ण व्हायच्या आत, ती सायप्रसच्या अपोलॉन क्लबाकडून महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेत, उतरली. तिथे खेळणारी ती पहिली भारतीय. मग ग्रीसचा पाओक, मग पेरूचा अलियान्सा लिमा. तीन वर्षांत तीन देश. घरी हे ऐकताना मजा वाटते. मी परदेशात राहते म्हणून मला त्यातला दुसरा भागही दिसतो. दर वेळी नवी भाषा, नवा व्हिसा, नवी खोली, आणि करार संपत आला की पुढचा कुठे ही काळजी. इथल्या महिला लीगमध्येसुद्धा दिवसा नोकरी करून संध्याकाळी सरावाला जाणाऱ्या मुली आहेत. परदेशी गेली म्हणजे सुटली, असं नाही.

आणि हे इथलं सगळं आयतं आलेलं नाही. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९२१ मध्ये बायकांना आपल्या मैदानांवर बंदी घातली. त्याच्या आदल्याच वर्षी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांचा सामना बघायला ५३,००० लोक आले होते, तरीही. ती बंदी सुमारे पन्नास वर्षं टिकली. स्कॉटलंडने तर बायकांच्या फुटबॉलला मान्यता द्यायला १९७४ उजाडू दिलं. ग्लासगोजवळच्या स्टुअर्टन गावची रोझ रायली लहानपणी केस कापून, मुलगा म्हणून मुलांच्या संघात खेळली. पुढे तिला फ्रान्सला जावं लागलं, तिथून मिलानला, आणि शेवटी ती इटलीच्या राष्ट्रीय संघाकडून खेळली. स्वतःच्या गावात जागा नव्हती म्हणून गेली. आज त्या गावातल्या क्रीडा केंद्राला तिचं नाव आहे. मी तिथे गेले होते तेव्हा दाराशी बराच वेळ उभी राहिले. आपण आज ज्याला पोरीची प्रगती म्हणतो, ते त्या काळच्या स्कॉटलंडमध्ये घर सुटणं होतं.

आता इथे मंगळवारी संध्याकाळी माझ्या घरामागच्या मैदानावर दहा-बारा वर्षांच्या मुली खेळतात. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो, पाऊस तर नेहमीचाच. पण दिवे लागलेले असतात, कपडे बदलायची खोली उघडी असते आणि प्रत्येकीला सारखाच वेळ खेळवतात. आईबाप छत्र्या घेऊन उभे. कुणीही चॅम्पियन घडवायच्या आवेशात नसतं.

गेल्या वर्षी नाशिकला भाचीचा सराव बघायला गेले होते. मैदान मोठं. मधला भाग क्रिकेटच्या नेट्सना दिलेला, मुली कुंपणालगतच्या पट्टीत, दप्तरांचे गोलपोस्ट करून. दर पाच मिनिटांनी टेनिस बॉल यायचा आणि खेळ थांबायचा. एका मुलीला बाथरूमला जायचं होतं. कुलूप. किल्ली वॉचमनकडे, वॉचमन चहाला. ती रिक्षाने घरी गेली आणि परत आली नाही. साडेसहाला दिवे बंद. मुलींचं फुटबॉल या ठिकाणी मरतं, व्हिसाच्या खिडकीवर नाही.

काकांना मी क्रिकेटच्या विरोधात काही म्हणत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला तेव्हा मीही इथे रडले. पण त्याच वर्षी ५ जुलैला चियांग मायमध्ये संगीता बासफोरच्या दोन गोलांवर थायलंडला हरवून फुटबॉलच्या मुली आशियाई चषकाला पात्र ठरल्या, ते आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. आणि नाशिककरांनी कविता राऊतचं उदाहरण देऊ नये. सावरपाड्याच्या त्या पोरीने जे केलं त्याला तोड नाही, पण धावायला तिला रस्ता पुरला. फुटबॉलला बावीस मुली, सपाट जागा आणि दिवे लागतात. एकटीच्या जिद्दीवर ते होत नाही.

म्हणून भावाला सांगितलं, तिकिटाचे पैसे ठेव, आधी त्या वॉचमनला भेट. तो गेला, आणि आणखी दोन बाबा सोबत गेले. परवा भाचीचा मेसेज आला: "आत्या, किल्ली आता आमच्या मॅडमकडे. आज चौदा जणी आलो." दिवे अजून साडेसहालाच जातात. त्याचा अर्ज घेऊन भाऊ सोमवारी जाणार आहे, मजकूर मी इथून लिहून पाठवलाय.