झांगीफची पकड म्हणजे रडीचा डाव नाही भाऊ

सध्या आपल्या दर्यापूर-अकोट पट्ट्यातल्या पोट्ट्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून राहिलाय अन् जो तो खाली "खरं आहे बे" लिहून पुढे ढकलून राहिलाय. मेसेज आहे स्ट्रीट फायटर सिक्स या मारामारीच्या व्हिडिओ गेममधल्या झांगीफ नावाच्या पैलवान पात्राच्या लेव्हल तीन सुपरवर, म्हणजे ताकदीचे तिन्ही बार भरल्यावरच निघणाऱ्या त्याच्या सगळ्यात भारी डावावर, तो बोल्शोई स्टॉर्म बस्टर, समोरच्याला धरतो, आपटतो, हवेत गरगर फिरवत खाली आणतो तोच. मेसेजवाल्याचं म्हणणं असं की हा सुपर ब्लॉकच होत नाही म्हून चिटिंग आहे, नुसती स्टिक गोल फिरवली की लागतो, एकदा लागला की मॅच संपली, खऱ्या कुस्तीशी याचा काही संबंध नाही उलट आपल्या लाल मातीचा अपमान आहे, लहान पोरं पाहून एकमेकांना आपटतील, अन् शेवटी, गावातल्या टूर्नामेंटमध्ये झांगीफ बॅन करा. यातली एक गोष्ट बरोबर आहे, ती मी मान्य करतो, बाकीच्या चुकीच्या आहेत अन् काऊन चुकीच्या आहेत ते एकेक करून सांगतो.

"ब्लॉक होत नाही म्हून चिटिंग." ब्लॉक होत नाही हे खरं. साधा थ्रो, म्हणजे धरून फेकणं, वेळेवर बटन दाबून सोडवता येतो, झांगीफची कमांड ग्रॅब, म्हणजे स्टिक फिरवून काढायची खास पकड, तशी सोडवता येत नाही हेही खरं. पण ब्लॉक होत नाही म्हणजे उपाय नाही हे कुठून आलं? या गेमचा पायाच तीन गोष्टींवर आहे, मार, ब्लॉक अन् पकड. मार ब्लॉकने अडतो, ब्लॉक पकडीने फुटतो अन् पकडीला मार किंवा उडी तोडते. यातली पकड काढून टाका मंग काय उरतं, जो आधी दोन फटके मारून पुढे निघाला तो मागची दिशा दाबून, म्हणजे नुसता ब्लॉक धरून, बसेल अन् टायमर संपायची वाट पाहील, तसा गेम तुम्हाले पाहिजे काय?

पकड हवेतल्या माणसाला लागत नाही, हे पहिले डोक्यात फिट करा. झांगीफ जवळ येतो, एक हलका पंच तुमच्या ब्लॉकवर मारतो अन् लगेच धरायला जातो, नव्वद टक्के पोट्टे इथेच फसतात कारण पंच ब्लॉक केला म्हणून खुश होऊन तसेच बसून राहतात. आता बघा, ब्लॉकचा झटका बसलेला असतो तेवढ्या वेळात अन् त्याच्या नंतरचे एकदोन फ्रेमसुद्धा (एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग) तुम्हाला कोणी धरूच शकत नाही, म्हणजे गेमनेच तुम्हाला श्वास घ्यायला जागा दिलेली आहे. त्या जागेत सरळ वर उडी मारा. त्याची पकड हवेत मोकळी जाते, तिन्ही बार संपलेले असतात, तो हात पसरून उभा असतो अन् तुम्ही वरून खाली येत पूर्ण कॉम्बो, म्हणजे एकाला एक जोडलेले फटके, लावता. केन किंवा रयू ही पात्रं खेळत असाल तर ओडी शोर्युकेन, म्हणजे त्यांचा जास्त ताकदीचा वर उसळता ठोसा, आहे, त्याच्या सुरुवातीला ना मार लागतो ना पकड. बॅकडॅश, म्हणजे झटकन मागे सरकणं, आहे. अन् सगळ्यात सोपं म्हणजे त्याला जवळच येऊ द्यायचं नाही, कारण झांगीफकडे फेकून मारायला फायरबॉल नाही, चाल मंद आहे, समोर गाईल नावाचं पात्र असलं अन् ते एकामागोमाग सॉनिक बूम हा लांबून फेकायचा मार सोडत राहिलं की त्याला एकेक पाऊल कमवून पुढे यावं लागतं.

एक मात्र आहे, स्क्रीन थांबून सुपर चमकल्यावर उडी मारायला जाल तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो, निर्णय त्याच्या आधी घ्यावा लागतो. त्यात आपल्या इकडे मोबाईलच्या हॉटस्पॉटवर खेळतात, टॉवर एक कांडी दाखवतो, मंग समोरचा कधी जवळ आला हे उशिरा दिसतं अन् सगळा राग झांगीफवर निघतो. तो राग मी समजू शकतो, पण तो नेटचा प्रश्न आहे.

"नुसती स्टिक गोल फिरवायची." हे ज्यानं लिहिलं त्यानं क्लासिक कंट्रोलवर, म्हणजे स्टिक फिरवून मूव्ह काढायच्या जुन्या पद्धतीत, हा सुपर कधी उभ्याउभ्या काढून पाहावा. लागतात दोन पूर्ण चकरा, सातशेवीस डिग्री, अन् मंग पंच. आता स्टिक फिरवताना ती वरच्या दिशेतून जाणारच, अन् वरची दिशा म्हणजे उडी. उडीची सुरुवात व्हायला सिक्समध्ये चार फ्रेम लागतात अन् सेकंदात साठ फ्रेम असतात, म्हणजे दुसरी चकर पुरी व्हायच्या आत तुमचा झांगीफ हवेत गेलेला असतो. म्हून जे खरंच खेळतात ते चकरा लपवतात, उडी मारून खाली येतायेता फिरवतात, नाहीतर एखादा फटका मुद्दाम रिकामा मारून तो संपेपर्यंत फिरवतात, अन् समोरच्याला वाटतं की तो नुसता चुकला. ही लपवाछपवी शिकायला लोकांची वर्षं गेली आहेत. हा डाव आजचा नाहीच, १९९१ च्या स्ट्रीट फायटर टू मध्ये झांगीफ पहिल्या आठ खेळाडूंमध्ये होता अन् त्याचा स्क्रू पाइलड्रायव्हर, म्हणजे समोरच्याला उलटं धरून डोक्यावर आपटायचा डाव, तेव्हाच एका पूर्ण चकरेचा होता, मंग १९९४ च्या सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बोमध्ये सुपर आले तेव्हा त्याला फायनल अॅटॉमिक बस्टर मिळाला, दोन सुप्लेक्स (कमरेत धरून उचलून मागे फेकणं) अन् वरून एक पाइलड्रायव्हर, तोही सातशेवीसचाच. म्हणजे तीस वर्षांपासून हा सुपर मुद्दाम अवघड ठेवलेला आहे, कारण पकड जेवढी भारी तेवढी ती काढायची किंमत जास्त.

मॉडर्न कंट्रोलवर सुपर सोप्या बटनांवर निघतो, ही बाजू मेसेजवाल्याला सांगता आली असती पण त्यानं ती सांगितलीच नाही. मीच सांगतो. निघतो, पण शॉर्टकटने काढलेल्या मूव्हचं डॅमेज कापून ऐंशी टक्के होतं, अन् ही सोय झांगीफपुरती नाही, मॉडर्नवर रयूचा, केनचा, सगळ्यांचाच सुपर असा निघतो. मंग एकट्या झांगीफचं नाव काऊन?

"लागला की मॅच संपली." पूर्ण लाइफवर असाल तर संपत नाही. दुसऱ्यांच्या लेव्हल तीनपेक्षा जास्त मारतो हे बरोबर, पण तिन्ही बार खर्च होतात, चुकला तरी खर्च होतात, अन् दुसऱ्यांचा लेव्हल तीन कॉम्बोच्या शेवटी जोडता येतो म्हणजे लागणारच याची खात्री झाल्यावर बार खर्च करता येतो, झांगीफला ती खात्री कधीच नसते, समोरचा कॉम्बोत अडकलेला असताना त्याला धरताच येत नाही.

आता ते कुस्तीवालं, ज्यानं मला हे सगळं लिहायला बसवलं. "ही विदेशी नौटंकी, आपल्या मातीत असं काही नसतं."

हवेत पंधरा फूट उडून गरगर फिरणं कुठल्याच आखाड्यात नसतं, ते गेमवाल्यांनी वाढवलेलं आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण खालचा पाया खरा आहे. झांगीफचं नावच व्हिक्टर झांगिएव्ह या सोव्हिएत पैलवानावरून घेतलेलं आहे, तो फ्रीस्टाइलचा गडी, पुढे १९८९ मध्ये जपानच्या प्रो रेसलिंगमध्ये उतरला. सुप्लेक्स तर ऑलिम्पिकमध्ये दिसतो, ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली धरायला बंदी म्हून कमरेत हात घालून उचलणं हेच तिथलं मोठं हत्यार. रशियाचा पैलवान अलेक्झांडर कारेलिन, १९८८, १९९२ अन् १९९६ अशी तीन ऑलिम्पिक गोल्ड, १३० किलोच्या गटातले गडी चटईवर पालथे पडलेले असायचे अन् हा त्यांना उलट्या मिठीत उचलून मागे फेकायचा. हे पाहिल्यावर कोणी नौटंकी म्हणेल काय? अन् आपल्याकडे कलाजंग आहे, धोबीपछाड आहे, उचलून टाकायचे डाव आपल्याला कोणी बाहेरून शिकवले नाहीत.

दुसरं, आपली कुस्ती अन् बाहेरची कुस्ती कधी वेगवेगळ्या खोल्यांत बसलेली नव्हती. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, तिथली टीम १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जाऊन कबड्डी अन् आपले देशी खेळ दाखवून आली. अन् गामा पैलवानाची गोष्ट तर या मेसेजला चपराक आहे. १९१० मध्ये लंडनला गामा अन् पोलंडचा झबिस्को यांची कुस्ती लागली. झबिस्कोने पाहिलं की उभं राहून याच्यापुढे टिकत नाही, मंग तो पोटावर पडला अन् अडीच तासांच्या वर बहुतेक वेळ तसाच चटईला चिकटून राहिला. गामा फिरून फिरून उलटवायला पाहतो अन् हा हलत नाही, शेवटी बरोबरीत सोडवली. आठ दिवसांनी पुन्हा लावायची ठरली तर झबिस्को आलाच नाही. मंग १९२८ मध्ये पटियाळ्याला दोघं परत भिडले तेव्हा गामानं त्याला मिनिटभराच्या आत चितपट केलं. पकडीवर इलाज नसला की बचाववाला अडीच तास मॅच मारून टाकतो, हे लंडनच्या लोकांनी पैसे देऊन पाहिलं. आजच्या फ्रीस्टाइलमध्ये म्हूनच नियम आहे, नुसता मागे सरकत राहिला तर आधी इशारा, मंग तीस सेकंद, त्यात पॉइंट केला नाही तर पॉइंट समोरच्याला. पोळ्याच्या आमदंगलीत कोणी कडेकडेने पळत राहिला तर पंच त्याला हाताला धरून मधात आणतो ना? झांगीफचा सुपर गेममध्ये हेच काम करतो. मातीचा अपमान नाही, मातीचा नियम आहे तो.

"पोरं पाहून आपटतील." हा तो मुद्दा जो मी पूर्ण मान्य करतो, अन् यात कुठे पण-बिण नाही. पाइलड्रायव्हर डोक्यावर असतो, मान जाते. १९९७ च्या समरस्लॅम या प्रो रेसलिंगच्या शोमध्ये ओवेन हार्टच्या हातून तो डाव चुकला अन् स्टीव्ह ऑस्टिनची मान दुखावली, तिथं दोघंही सराईत, रोजचा धंदा त्यांचा, तरी झालं. आखाड्यात कोणताच उस्ताद डोक्यावर आपटू देत नाही. म्हून घरात लहान पोरं असतील तर त्यांना बसवून समजावून सांगा, शेतातल्या कुटाराच्या ढिगावरही हा डाव करू देऊ नका. पण हे सांगायचं काम आपलं आहे, टूर्नामेंटमध्ये बॅन करून ते होत नाही, कारण पोरं टूर्नामेंट नाही, रील पाहतात.

राहिलं बॅन. एवढाच जर अन्यायी सुपर असता तर जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत झांगीफचीच रांग लागली असती. स्ट्रीट फायटर फोरमध्ये त्याचा अल्टिमेट अॅटॉमिक बस्टर होता, तोही दोन चकरांचा, अन् त्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेचे, म्हणजे इव्होचे, निकाल बघा: २००९ अन् २०१० ला दाइगो उमेहारा रयू घेऊन, २०११ फुदो फेई लाँग घेऊन, २०१२ इन्फिल्ट्रेशन अकुमा घेऊन, २०१३ शियान गेन घेऊन, २०१४ लफी रोझ घेऊन, २०१५ मोमोची, केन अन् इव्हिल रयू. सिक्स आल्यावर २०२३ ला अँग्रीबर्ड केन घेऊन जिंकला, २०२४ ला पंक कॅमी घेऊन. यात झांगीफ कुठे आहे दाखवा. सगळ्या दुनियेतले तरबेज लोक त्याच्या पकडीतून निसटतात, कारण त्यांनी बसून सराव केलाय.

तो सराव आपल्याकडेही होऊ शकतो, लाइट असली म्हणजे झालं. ट्रेनिंग मोडमध्ये डमी, म्हणजे समोरचा सरावाचा गडी, झांगीफ घ्या, त्याच्यात दोन गोष्टी रेकॉर्ड करा, एकात हलका पंच अन् लगेच पकड, दुसऱ्यात हलका पंच अन् लगेच परत पंच, मंग दोन्ही उलटसुलट लावून द्या अन् उडी कधी मारायची, ब्लॉक कधी धरायचा हे हाताला कळेपर्यंत खेळा. त्याच्या पुढेही कोणी हरलं तर रिप्लेचा आयडी ग्रुपवर टाका, मी स्वतः बसून बघतो अन् कोणत्या सेकंदाला उडी पाहिजे होती ते लिहून पाठवतो.